मोटर शेवटी निवडा: शाळेच्या ट्रेनर विमानासाठी मोटर, प्रॉप आणि जोडणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान शिक्षकांचा प्रश्न आहे. आठवी-नववीच्या मुलांनी सनपॅक (पोकळ पन्हळीचं प्लास्टिक) आणि थर्माकोलचं, वरच्या पंखाचं ट्रेनर विमान बांधलं आहे. पंख १२० सेंटिमीटर लांब, २२ सेंटिमीटर रुंद, बॅटरीसकट वजन ११०० ग्रॅम. मोटर ए२२१२ जातीची, २२०० केव्हीची घेतली, कारण ‘केव्ही जास्त तर ताकद जास्त’ असं दुकानात सांगितलं गेलं. तिच्यावर १०×४.५ चा प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा (व्यास १० इंच; एका फेरीत तो जितका पुढे सरकेल ते अंतर, म्हणजे पिच, ४.५ इंच), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि ३एस, म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएचची लायपो बॅटरी. पूर्ण थ्रॉटल दिला की अर्ध्या मिनिटात मोटरला हात लावता येत नाही, वार्निश जळल्याचा वास येतो, ईएससी मध्येच बंद पडतो. आता याहून जास्त केव्हीची मोटर घ्यावी का?

नाही, सर. निम्म्याहून कमी केव्हीची घ्यायची आहे. आणि ती मागवण्याआधी दोन-तीन गोष्टी कागदावर मांडायच्या आहेत. मुलं सोबत असतील तर आणखी चांगलं, कारण आठवीच्या गणितात बसेल एवढाच हा हिशेब आहे.

केव्ही म्हणजे ताकद नव्हे. मोटरवर काहीही भार नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे फिरेल, एवढंच तो आकडा सांगतो. तुमची २२०० केव्हीची मोटर ३एसच्या ११.१ व्होल्टवर मोकळी सोडली तर साधारण २४,४०० फेऱ्यांकडे धावते. तिला तेवढं धावायचं असतं आणि पुढे बसवलेला १० इंची प्रॉप तिला हवेत अडवतो. मोटर थांबत नाही, बॅटरीकडून जास्त करंट ओढून प्रॉपला रेटत राहते. विहिरीवर ३ एचपीच्या मोटरला ५ एचपीचा पंप जोडला तर मोटर तक्रार करत नाही. अँपिअर वाढवत नेते आणि शेवटी वाइंडिंग जाळून घेते. तुमच्या टेबलावर तेच होतंय. मोटर खराब आहे असं समजू नका, तिच्या गळ्यात चुकीचा पंखा आहे.

आकड्यांत पाहू. १० इंच व्यासाचा, साडेचार-पावणेपाच पिचचा प्रॉप ७,००० फेऱ्यांना फिरवायला शाफ्टवर साधारण ९५ वॉट लागतात. प्रॉपची भूक फेऱ्यांच्या घनाने वाढते. तोच प्रॉप १२,००० फेऱ्यांना न्यायचा तर त्याला पाचपट, म्हणजे पावणेपाचशे वॉट हवेत. ए२२१२ ही पन्नास-एक ग्रॅमची मोटर. तिच्याकडून जेमतेम दीडशे वॉट आत घेण्याची अपेक्षा धरावी. उरलेली सगळी ओढाताण उष्णता होऊन तांब्यात आणि चुंबकांत जाते.

याची दुसरी बाजूही मुलांना दाखवण्यासारखी आहे. एका अँपिअरला मोटर किती पीळ, म्हणजे टॉर्क, देते ते केव्हीच्या व्यस्त प्रमाणात असतं. ९.५५ ला केव्हीने भागा, उत्तर न्यूटन-मीटर प्रति अँपिअर. १००० केव्हीला ते ०.००९६ येतं, २२०० केव्हीला ०.००४३. म्हणजे तोच प्रॉप त्याच फेऱ्यांना फिरवायला तुमची मोटर सव्वादोनपट करंट खाते. आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

ती २२०० केव्हीची मोटर मात्र फेकू नका. वास आला असला तरी आधी तपासा. हाताने फिरवल्यावर अडखळत नसेल, मल्टिमीटर तिन्ही तारांपैकी कोणतीही बाहेरच्या लोखंडी कवचाला टेकलेली दाखवत नसेल, तर ६×३ चा लहान प्रॉप लावून ४००-५०० ग्रॅमच्या वेगवान फ्लाइंग विंगला (शेपटी नसलेल्या विमानाला) ती चांगली चालते. उंच केव्ही आणि लहान प्रॉप ही जोडी वेगासाठी. कमी केव्ही आणि मोठा प्रॉप ही जोडी ओढण्यासाठी. ट्रेनरला दुसरी हवी.

आता निवडीचा क्रम. बहुतेक जण मोटरपासून सुरुवात करतात आणि मग तिला विमान शोधतात. मी नेहमी उलटीकडून येतो: आधी वजन, मग वॉट, मग वेग, मग प्रॉप, त्यानंतर केव्ही, आणि सगळ्यात शेवटी मोटरचं नाव.

वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करा, अंदाजाने नको. बॅटरी, प्रॉप, स्क्रू सगळं बसवून. तुमचं ११०० ग्रॅम. पंखाचं क्षेत्र १.२ गुणिले ०.२२, म्हणजे ०.२६४ चौरस मीटर. दर चौरस डेसिमीटरला साधारण ४२ ग्रॅम भार पडतो. ट्रेनरला तो चालतो, पण हलका नाही. सनपॅक मजबूत असतं, मुलांच्या हातात टिकतं, फ्लेक्स छापणाऱ्याकडे सहज मिळतं, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण शेपटीला तरी थर्माकोल किंवा हलका फोम वापरा. शेपटीतला प्रत्येक ग्रॅम पुढे नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं मागतो.

वॉट किती? बॅटरीतून निघणारी विद्युतशक्ती मोजायची, कारण तीच आपल्याला सहज मोजता येते. एका किलोला ११० वॉटच्या खाली विमान जेमतेम उडतं. ट्रेनरला १५० ते २०० वॉट पुरतात. लूप, रोल नीट मारायचे तर २२० ते २७०. प्रॉपवर लटकणारं थ्रीडी विमान ३३० च्या पुढे मागतं. तुमच्या ११०० ग्रॅमसाठी मी १८० ते २०० वॉट धरेन. मुलांना सांगा, ही पाव एचपी झाली, कारण एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना तो आकडा लगेच कळतो.

फक्त वॉटवर मात्र थांबू नका, हे मी आग्रहाने सांगतो. १९० वॉट खाऊन विमान जागेवर गुरगुरत राहील असाही प्रॉप निवडता येतो. म्हणून पिचचा वेग काढायचा. फेरे गुणिले पिच इंचात गुणिले ०.००१५२४, उत्तर ताशी किलोमीटर. प्रॉप हवेतून न घसरता पुढे गेला असता तर जो वेग मिळाला असता तो हा. तो विमानाच्या स्टॉल वेगाच्या (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत त्या वेगाच्या) अडीच ते तीनपट असावा. तुमच्या विमानाचा स्टॉल वेग उन्हाळी हवेत ताशी ३० किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे पिचचा वेग ७५ च्या जवळपास हवा. ८,००० फेऱ्यांना ४.५ पिचचा प्रॉप ५५ च देतो. टेबलावर बांधून ठेवलेलं विमान त्याने जोरात ओढेल, वावरात मात्र वाऱ्याविरुद्ध गेलं की पुढे सरकणार नाही. त्याच फेऱ्यांना ६ पिच ७३ देतो. तुमच्यासाठी १०×६ चा इलेक्ट्रिक जातीचा प्रॉप बरोबर आहे.

इथे प्रॉपच्या जातीबद्दल. ड्रोनसाठी मिळणारे पातळ, रुंद पात्याचे १०४५ प्रॉप स्वस्त असतात आणि सगळीकडे मिळतात, म्हणून तेच लावले जातात. रुंद पात्याचे स्लो-फ्लाय प्रॉप कमी फेऱ्यांसाठी असतात. एपीसी कंपनी आपल्या स्लो-फ्लाय प्रॉपसाठी ६५,००० भागिले व्यास ही मर्यादा देते, म्हणजे १० इंचाला मिनिटाला ६,५०० फेरे. ३एसवर १००० केव्हीची मोटरही ती ओलांडते. २२०० केव्हीवर तसला प्रॉप पूर्ण थ्रॉटलला फिरवणं धोक्याचं आहे, पातं मुळापासून सुटू शकतं. सर, निदान तेवढं आजपासून बंद करा.

आता केव्ही. भाराखाली मोटर आपल्या मोकळ्या फेऱ्यांच्या पाऊणपटीपेक्षा थोडी वर फिरते, आणि ३एस बॅटरी भाराखाली ११ व्होल्टच्या आसपास बसते. आपल्याला ८,००० ते ८,३०० फेरे हवेत. ८,१५० भागिले (११ गुणिले ०.७८), उत्तर ९५०. म्हणजे ९०० ते १००० केव्ही.

आणि मोटरचा आकार? तिचं वजन बघा. चांगल्या आउटरनर (बाहेरचा डबा फिरणाऱ्या) मोटरला दर ग्रॅमला ३ वॉट हा सुरक्षित आकडा धरावा. आपल्याकडच्या उन्हात त्यापुढे जाऊ नये. १९० वॉटला ६५ ग्रॅमच्या पुढची मोटर लागते, ७० ते ८० ग्रॅमची घ्या. २२१६ किंवा २२१७, ९५० केव्हीच्या आसपास. नावातले आकडे वाचताना सावध राहा. २२१२ म्हणजे आतल्या स्टेटरचा (वेढे गुंडाळलेल्या स्थिर गाभ्याचा) व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटर. काही उत्पादक मात्र बाहेरच्या डब्याची मापं नावात घालतात, त्यामुळे एकाची ३५३६ ही दुसऱ्याच्या २८ मिलिमीटर स्टेटरच्या मोटरएवढीच निघू शकते. नावापेक्षा वजन, कमाल करंट आणि केव्ही हे तीन आकडे खरे. आणि १३टी, १०टी, ६टी अशी अक्षरं दिसली तर ते वेढे आहेत. वेढे कमी केले की केव्ही वाढतो. तुमची २२०० केव्ही ६टीची असणार.

‘ए२२१२ चीच १००० केव्हीची घेतली तर?’ असं तुम्ही विचाराल, कारण ती सगळ्यात स्वस्त पडते. ७०० ते ८०० ग्रॅमच्या विमानाला घ्या, आनंदाने. पण १०×४.७ प्रॉपवर ३एसला ती साधारण १५ अँपिअर ओढते आणि तिच्या माहितीपत्रकात १२ अँपिअर, तेही एका मिनिटापुरते, दिलेले असतात. ११०० ग्रॅमला ती सतत कमाल मर्यादेवर चालेल. पंचवीस ग्रॅम जड मोटर घेतल्याने तुमचं नुकसान काहीच नाही, सनपॅकच्या शेपटीमुळे नाकात वजन टाकावंच लागणार होतं. नवी मोटर बसवल्यावर गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटरवर आहे का, ते परत बघा.

ईएससी ३० अँपिअरचा आहे, १७-१८ अँपिअरसाठी तो योग्य आहे. पुस्तकी सल्ला पंचवीस टक्के जास्त घ्या असा असतो. विदर्भात दीडपट घ्यावा, असं माझं मत आहे. बॅटरी २२०० एमएएचची, तिच्यावर २५सी (म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट) लिहिलं असेल तर कागदावर ५५ अँपिअर देते. त्यातले निम्मे खरे धरा, तरी आपलं काम भागतं.

आता उन्हाबद्दल, कारण बहुतेक मार्गदर्शन थंड देशांतल्या अनुभवावर लिहिलेलं असतं. ऐन उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. समजा, तुमची मोटर उड्डाणात भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी तापते. डिसेंबरच्या सकाळी ती ५५ ला थांबते, नवतप्यात तीच ८५ ला जाते. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांना ८० अंशांपर्यंतच हमी असते. त्यापुढे त्यांचं चुंबकत्व हळूहळू कायमचं उतरतं. चुंबक अशक्त झाला की केव्ही वाढतो, केव्ही वाढला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी ताप. मोटर एका दिवसात मरत नाही, आठवड्यागणिक जास्त गरम होत जाते आणि कारण कळत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, तो तोटा वेगळा.

हवा पातळ होते हेही आहेच. ३०० मीटर उंचीवरच्या आपल्या भागात मे महिन्याच्या दुपारची हवा जानेवारीच्या सकाळच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. त्याच फेऱ्यांना ओढ दहा टक्के कमी, स्टॉलचा वेग पाच टक्के जास्त. पण एक गंमत लक्षात ठेवा: थंडीत हवा दाट, त्यामुळे प्रॉप जास्त करंट ओढतो. मे महिन्यात मोजून अगदी काठावर बसवलेली जोडणी डिसेंबरात काठ ओलांडते. म्हणून कोणत्याही ऋतूत मोजा, पण मोटर आणि ईएससीच्या मर्यादेत वीस टक्के जागा रिकामी ठेवा.

बसवण्याचं काम. मोटर ज्या लाकडी भिंतीवर बसते ती किमान ४ मिलिमीटर प्लायची करा. सनपॅकवर थेट स्क्रू मारू नका, ते ढिले होतातच. मोटरच्या मागच्या क्रॉस माउंटला एम३ स्क्रू लागतात. ते नको तेवढे लांब असले की आत शिरून वाइंडिंगच्या इनॅमलला टेकतात. मोटर चालू होते, थरथरते आणि ईएससी जळतो. स्क्रू बसवून मोटर हाताने फिरवा, वरून उजेडात डोकावून बघा, आत किमान एक मिलिमीटर मोकळं दिसलं पाहिजे. मग लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) निळा थेंब.

वरच्या पंखाच्या विमानाला मोटर सरळ बसवायची नसते. थ्रॉटल वाढवला की नाक वर उचलतं, म्हणून अक्ष ३ अंश खाली, आणि प्रॉपच्या पिळामुळे डावीकडे ओढतं म्हणून २ अंश उजवीकडे. उजवी बाजू म्हणजे विमानाच्या मागे उभं राहून आपली उजवी. छिद्रांमधलं अंतर ४० मिलिमीटर असेल तर ३ अंशांसाठी वरच्या दोन स्क्रूंखाली २ मिलिमीटर जाडीचे वॉशर. उजवीकडे वळवायला डाव्या बाजूला त्याहून थोडे पातळ. नेमका कोन उडवूनच ठरतो. मध्यम थ्रॉटलवर सरळ उडणारं विमान पूर्ण थ्रॉटल देताच नाक वर करत असेल तर अजून एक वॉशर.

ईएससीच्या तिन्ही तारा मोटरला कोणत्याही क्रमाने जोडा. मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन तारा अदलाबदल करा. बॅटरी ते ईएससी ही तार मात्र वाढवू नका. ईएससी करंट तुकड्यातुकड्याने घेतो, तार लांबली की तिच्यातले व्होल्टचे झटके ईएससीवरचे कपॅसिटर सोसतात आणि उन्हात आधीच थकलेले कपॅसिटर फुगतात. अंतर जास्त असेल तर मोटरकडच्या तारा लांब करा. एक्सटी६० कनेक्टरला सोल्डर करायला मोबाइल दुरुस्तीचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॉटचं घ्या. सांधा चमकदार आणि गुळगुळीत हवा. खडबडीत, राखाडी सांधा भाराखाली तापून सुटतो आणि ते आकाशात घडतं.

ईएससीच्या बीईसीकडे, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणाऱ्या भागाकडे, लक्ष द्या. रिसीव्हर आणि सर्व्हो (विमानाचे पाळे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) त्याच्याच ५ व्होल्टवर चालतात. साधा लिनिअर बीईसी उरलेले व्होल्ट जाळून टाकतो. ३एसवर ११.१ वजा ५, म्हणजे ६ व्होल्ट. चार सर्व्होंनी मिळून एक अँपिअर घेतला की ६ वॉट उष्णता त्या नखाएवढ्या चिपमध्ये. बीईसी तापून बंद पडला तर मोटरच नव्हे, सगळा ताबा जातो. तुमच्या विमानात चार सर्व्हो असतील तर स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी लावा आणि ईएससीच्या सर्व्हो-तारेतली मधली लाल वायर काढून टेप गुंडाळा. ईएससी फोमच्या आत पुरू नका. पुढून बोटभर हवा आत येऊ द्या आणि मागे त्याच्या दुप्पट मोठं भोक ठेवा. गरम हवा बाहेर पडायला जागा नसेल तर पुढचं भोक कितीही मोठं असून उपयोग नाही.

सेटिंग करताना प्रॉप काढलेला असावा. मुलं आहेत म्हणून पुन्हा लिहितो: प्रॉप काढलेला असावा. १० इंची प्रॉपचं टोक ८,००० फेऱ्यांना ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या वेगाने जातं, आणि पेट्रोल इंजिनासारखी ही मोटर बोट अडकलं म्हणून बंद पडत नाही, आणखी जोर लावते. ट्रान्समीटर सुरू करा, थ्रॉटल पूर्ण वर, मग बॅटरी जोडा. बीप वाजले की थ्रॉटल पूर्ण खाली. झालं कॅलिब्रेशन. ब्रेक बंद ठेवा, तो घडीच्या प्रॉपच्या ग्लायडरला लागतो. बॅटरीचा प्रकार लायपो. कट-ऑफ ‘सॉफ्ट’ ठेवा, म्हणजे व्होल्ट उतरल्यावर मोटर हळू होईल, एकदम बंद होणार नाही. टायमिंग (ईएससी करंट किती आधी पुढच्या वेढ्याकडे वळवतो ते) मध्यम. आउटरनरमध्ये चुंबक जास्त असतात, त्यांना फार कमी टायमिंगवर कधी कधी एकदम थ्रॉटल दिला की अडखळायला होतं.

फेलसेफही, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद करणारी सोय, आत्ताच. स्वस्त ट्रान्समीटरमध्ये तो बंद असतो, आपण मेन्यूत जाऊन लावावा लागतो. मोटर प्रॉपशिवाय अर्ध्या थ्रॉटलवर फिरत असताना ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली नाही तर ते विमान शाळेच्या पटांगणाबाहेर नेऊ नका.

आता प्रॉप बसवा. अक्षरं पुढच्या बाजूला, उड्डाणाच्या दिशेला. आधी एका बारीक तारेवर आडवा ठेवून तोल बघा. जे पातं वर जातं ते हलकं, त्याच्या मागच्या बाजूला सेलोटेपचा तुकडा लावा. थरथर म्हणजे बेअरिंगचं आयुष्य कमी आणि स्क्रू ढिले. कोलेट अ‍ॅडॅप्टरचा (प्रॉप शाफ्टवर पकडणाऱ्या तुकड्याचा) नट पान्याने आवळा, हाताने नाही.

आणि मग मोजणी, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. एक वॉटमीटर घ्या. एक मोटर वाचली की त्याची किंमत वसूल. तो बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लागतो. गावातल्या इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्पमीटर बहुधा फक्त एसी मोजतो, इथे डीसी आहे, म्हणून तो शून्य दाखवेल. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोजायचा प्रयत्न केला तर फ्यूज जाईल. विमान टेबलाला दोरीने पक्कं बांधा, मुलं सगळी पाठीमागे, प्रॉपच्या रेषेत कोणीच नाही. ताजी चार्ज केलेली बॅटरी. अर्धा थ्रॉटल, पाऊण, मग पूर्ण, पाच सेकंद, आकडा वाचा, बंद.

१०×६ आणि ९५० केव्हीवर १६ ते १८ अँपिअर, १८० ते २०० वॉट दिसले तर काम झालं. २१ च्या पुढे गेलं तर १०×५ लावा. व्यास कमी करून ९×६ ही चालेल. हा हिशेब पाठ असावा: पिच वाढवला तर वॉट त्याच प्रमाणात वाढतात, व्यास वाढवला तर चौथ्या घाताने. १० चा ११ केला की वॉट पंचेचाळीस टक्क्यांनी वर. १०×४.५ चा १०×६ केला तर तेहतीस टक्के. आणि ‘ताकद कमी वाटते, ४एस लावून बघू’ असं कोणी सुचवलं तर तोच प्रॉप ठेवून मुळीच नको. व्होल्ट तेहतीस टक्क्यांनी वाढले की वॉट जवळजवळ दुप्पट होतात. करंट मोजणीत कमी, १२-१३ च आला तर आधी बॅटरीचे व्होल्ट बघा. भाराखाली १० च्या खाली जात असतील तर बॅटरी थकलेली आहे. ती बदला, मोठा प्रॉप लावून तिच्याकडून आणखी ओढू नका. उड्डाणात हवा आधीच मागे जात असते, प्रॉप हलका होतो आणि करंट टेबलावरच्या आकड्यापेक्षा दहा-वीस टक्के कमी असतो. तेवढी सवलत मिळते, पण ती आधीच धरून चालू नका.

पहिलं उड्डाण सकाळी सहा ते आठ. कापूस वेचून पऱ्हाटी उपटलेलं वावर सापडलं तर उत्तम. तुराट्यांचे खुंट उभे असलेलं नको. एप्रिल-मेमध्ये दहानंतर वावटळी उठतात, एक किलोचं विमान त्यांना खेळणं वाटतं. ड्रोन नियम २०२१ मध्ये शिक्षण आणि छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं गाव हिरव्या भागात आहे का ते बघा. तिथे मर्यादा ४०० फूट आहे, म्हणजे १२० मीटर. ट्रेनरला त्याच्या निम्मीही लागत नाही. ताडोबा-मेळघाटसारख्या जंगलांच्या हद्दीत तर विमान काढूच नका.

तीन मिनिटं उडवून उतरवा आणि लगेच मोटर, ईएससी, बॅटरी यांना बोट लावा. तीन सेकंद बोट ठेवता आलं तर ठीक. चटका बसून बोट मागे आलं तर ६० अंशांच्या वर आहे: उन्हाळ्यात हे चालवून घेता येतं, हिवाळ्यात नाही. हिवाळ्यातच एवढी तापत असेल तर मे महिन्यात ती टिकणार नाही, प्रॉप लहान करा. बॅटरी मात्र कोणत्याही ऋतूत कोमटच असावी.

विमान नाकावर आपटलं तर मोटर फिरवून बघण्याचा मोह टाळा. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली आहे, तिच्यात लोहयुक्त काळे कण असतात आणि ते थेट चुंबकाला चिकटतात. मुरमातही तेच. मोटर तशीच चालवली तर ते कण चुंबक आणि स्टेटरच्या मधल्या बारीकशा फटीत इनॅमल खरवडतात. सायकलच्या पंपाने आधी हवा मारा, राहिलेले कण चिकटपट्टीने ओढून काढा. शाफ्ट वाकलाय का ते हळूच फिरवून पाहा, मग बॅटरी.

वेळ पहिल्या आठवड्यात सहा मिनिटांची लावा. उतरल्यावर चार्जरने किती एमएएच परत भरले ते वहीत लिहा. २२०० च्या बॅटरीत १७५० पेक्षा जास्त भरले जात असतील तर वेळ कमी करा. मध्यम थ्रॉटलवर उडवणारी मुलं पुढे दहा मिनिटांपर्यंत जातील. चार्जिंग २.२ अँपिअरने, बॅलन्स तार (प्रत्येक सेल सारखा भरणारी बारीक तार) जोडून, फरशीवर, शेजारी वाळूची बादली, आणि खोलीत कोणीतरी मोठं माणूस. लोडशेडिंगची अडचण असेल तर ११ ते १८ व्होल्ट डीसी घेणारे चार्जर मिळतात, ते ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात. उडवून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा टिनाच्या छपराखाली तर कधीच नाही.

आणि आपल्याकडे उन्हाळी सुट्टी लांब असते, शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते. शेवटच्या दिवशी चार्जरचा स्टोरेज मोड लावून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणा आणि बॅटऱ्या घरी न्या. घरातली सगळ्यात थंड जागा शोधून जमिनीजवळ, पत्र्याच्या डब्यात, झाकण न आवळता ठेवा. पूर्ण चार्ज करून मे महिनाभर शाळेच्या कपाटात ठेवलेली लायपो जूनमध्ये फुगलेली निघते.